गाडीतील फीचर्स : जीव वाचवणारे कोणते, सोयीचे कोणते?

गाडी घ्यायची ठरली की घरातल्या प्रत्येकाची यादी वेगळी असते. मुलांना सनरूफ हवे असते, आजी-आजोबांना सहज चढता-उतरता येईल अशी सीट हवी असते, कोणाला मोठी टचस्क्रीन तर कोणाला फक्त मायलेज. शोरूममध्ये गेलात की सेल्समन या सगळ्यावर स्वतःची यादी ऐकवतो: एबीएस, ईएससी, आयसोफिक्स, टीपीएमएस, एडास, इमोबिलायझर. आपण मान डोलावतो आणि शेवटी निर्णय रंग, हप्ता आणि सनरूफवर येऊन थांबतो.

ही यादी दिसते तितकी अवघड नाही. गाडीतले कोणतेही फीचर तीनपैकी एका कामासाठी असते. काही माणसांचा जीव वाचवतात, काही गाडीला चोरांपासून सांभाळतात आणि काही प्रवास सोयीचा करतात. कोणते फीचर कोणत्या गटातले, हे एकदा कळले की पैसे कुठे खर्च करायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हेही कळते. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. म्हणून सुरुवात पहिल्या गटापासूनच करायला हवी.

सीट बेल्ट : सर्वात जुना, तरीही सर्वात महत्त्वाचा

खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन बिंदूंचा सीट बेल्ट १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीचे अभियंता निल्स बोहलिन यांनी तयार केला. कंपनीने त्याचे पेटंट इतर कंपन्यांनाही खुले केले, म्हणून आज तो प्रत्येक गाडीत आहे. पण गाडीत असणे वेगळे आणि लावणे वेगळे. २०२२ मध्ये आपल्या देशात बेल्ट न लावल्यामुळे १६,७१५ जणांचा जीव गेला. त्यात ८,३८४ चालक होते आणि ८,३३१ प्रवासी. म्हणजे जवळपास निम्मे लोक गाडी चालवतच नव्हते.

४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी होती, तिच्यात एअरबॅग होत्या. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेले दोघे, मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, दगावले. पोलिसांच्या माहितीनुसार मागच्या दोघांनीही बेल्ट लावला नव्हता.

‘मागे बसलोय, मला कशाला बेल्ट?’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. त्यामागचे गणित पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी कशावर तरी आदळून थांबते, पण तुमचे शरीर त्याच वेगाने पुढे जात राहते. हा धक्का साधारण दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. बेल्ट नसेल तर मागचा माणूस पुढच्या सीटवर जाऊन आदळतो आणि बेल्ट लावलेल्या पुढच्या माणसालाही जखमी करतो.

मागच्या सीटवरही बेल्ट लावणे कायद्याने बंधनकारक आहे. न लावल्यास १,००० रुपये दंड होतो. गर्भवती महिलांनीही बेल्ट लावायलाच हवा. फक्त कमरेचा पट्टा पोटावर न ठेवता पोटाच्या खाली, मांड्यांच्या सांध्याजवळ घ्यावा आणि खांद्याचा पट्टा छातीच्या मधून, पोटाच्या बाजूने जाऊ द्यावा.

एअरबॅग : बेल्टची जोडीदार, पर्याय नाही

जोराची धडक झाल्याचे सेन्सरला कळताच एअरबॅग सेकंदाच्या साधारण तीनशेव्या नव्हे, तिसाव्या भागात, म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याआधी फुगते. इतक्या वेगाने फुगणारी पिशवी अंगावर आदळली तर तिचाही मार बसतो. ती गृहीत धरते की तुम्ही बेल्ट लावून, सीटला टेकून बसला आहात. बेल्ट नसेल तर तुम्ही पुढे फेकले जाता आणि पिशवी फुगत असतानाच तोंड तिच्यावर जाऊन आदळते.

म्हणून काही सवयी लावून घ्या. चालकाची छाती आणि स्टिअरिंग यांच्यात किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. पुढे बसणाऱ्याने डॅशबोर्डवर पाय ठेवू नयेत. एअरबॅगच्या झाकणावर देवाची मूर्ती, परफ्यूमची बाटली किंवा मोबाइल स्टँड चिकटवू नका. पिशवी फुगली की ती वस्तू गोळीसारखी तोंडावर येते.

समोरच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग आता बंधनकारक आहेत. बाजूने धडक बसल्यावर मात्र सीटच्या कडेतली साइड एअरबॅग आणि खिडकीवर पडद्यासारखी उलगडणारी कर्टन एअरबॅग कामी येते. दोन व्हेरिएंटमधून एक निवडताना याच दोन गोष्टी आहेत की नाहीत, हे आधी विचारा.

ब्रेकच्या मदतीला एबीएस आणि ईएससी

अचानक समोर कोणी आले आणि तुम्ही ब्रेक दाबला, तर साध्या गाडीची चाके जागच्या जागी अडकतात आणि गाडी घसरत जाते. अडकलेल्या चाकांची गाडी स्टिअरिंगचे ऐकत नाही. एबीएस ही यंत्रणा सेकंदात अनेक वेळा ब्रेक पकडते-सोडते, त्यामुळे चाके फिरत राहतात आणि तुम्हाला ब्रेक दाबलेला असतानाही गाडी वळवता येते. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांमध्ये एबीएस बंधनकारक आहे.

ते सुरू झाले की ब्रेकचे पेडल पायाखाली थरथरते. अनेकांना वाटते काहीतरी बिघडले आणि ते घाबरून पाय उचलतात. नेमके तेच करायचे नाही. पाय घट्ट दाबून ठेवा आणि गाडी मोकळ्या जागेकडे वळवा.

ईएससी एक पाऊल पुढे जाते. ओल्या वळणावर गाडी तुम्ही वळवलेल्या दिशेऐवजी भलतीकडे सरकू लागली तर ही यंत्रणा गरजेप्रमाणे एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावते आणि गाडी ताळ्यावर आणते. घाटातून किंवा महामार्गावरून नेहमी जाणाऱ्यांसाठी हे फीचर सनरूफपेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

चाकातली हवा कमी झाल्याचे सांगणारी टीपीएमएस हीसुद्धा याच गटातली. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटू शकतो. तुमच्या गाडीत ही सोय नसेल तर दर पंधरा दिवसांनी टायर थंड असताना पंपावर हवा तपासा. त्यासाठी कोणतेही फीचर लागत नाही.

स्टार्सचा अर्थ काय?

गाडी भक्कम आहे की नाही, हे दरवाजा आपटून येणाऱ्या आवाजावरून ठरत नाही. त्यासाठी क्रॅश टेस्ट असते. भारताची स्वतःची चाचणी, भारत एनकॅप, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. यात ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून आणि ताशी ५० किलोमीटर वेगाने बाजूने धडक देऊन पाहिले जाते. मोठ्यांच्या सुरक्षेला ३२ पैकी आणि मुलांच्या सुरक्षेला ४९ पैकी गुण मिळतात आणि त्यावरून एक ते पाच स्टार ठरतात.

ही चाचणी कंपन्यांसाठी ऐच्छिक आहे. त्यामुळे एखाद्या मॉडेलला स्टार नसतील तर ‘टेस्ट झाली आहे का?’ असे थेट विचारा. मोठ्यांचे स्टार आणि मुलांचे स्टार वेगवेगळे पाहा. तपासलेल्या गाडीत किती एअरबॅग होत्या आणि तुम्ही घेत असलेल्या व्हेरिएंटमध्ये तितक्याच आहेत का, हेही विचारा.

मुलांना मांडीवर नको, त्यांच्या सीटवर

आईची मांडी ही बाळासाठी जगातली सर्वात सुरक्षित जागा, ही भावना खरी असली तरी चालत्या गाडीत ती लागू होत नाही. ताशी ५० किलोमीटरच्या धडकेत गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर प्रत्येक वस्तू सुमारे वीसपट जड झाल्यासारखी पुढे ओढली जाते. दहा किलोचे बाळ त्या क्षणी दोनशे किलोचे होते. कोणत्याही आईबापाचे हात ते धरू शकत नाहीत.

  • बाळासाठी चाइल्ड सीट घ्या. ती मागच्या सीटवर बसवा. लहान बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असावे, म्हणजे धक्का मान आणि पाठीवर सारखा विभागला जातो.
  • आयसोफिक्स म्हणजे मागच्या सीटच्या फटीतल्या धातूच्या दोन कड्या. चाइल्ड सीट त्यात खटकन अडकते आणि चुकीची बसण्याची शक्यता कमी होते. तुमच्या गाडीत त्या आहेत का, हे बोटाने चाचपून पाहा.
  • पुढच्या सीटची एअरबॅग सुरू असताना मागे तोंड असलेली चाइल्ड सीट तिथे कधीही ठेवू नका. फुगणारी पिशवी बाळाच्या डोक्यामागे आदळते.
  • मागच्या दरवाजांच्या कडेला चाइल्ड लॉकची छोटी कळ असते. ती लावली की दरवाजा आतून उघडत नाही, फक्त बाहेरून उघडतो.
  • सनरूफमधून डोके बाहेर काढून उभ्या राहिलेल्या मुलाला कोणताही बेल्ट, कोणतीही एअरबॅग वाचवू शकत नाही.

‘पाच मिनिटांत येते’ म्हणून मुलाला बंद गाडीत ठेवून जाऊ नका. उन्हात उभ्या गाडीतले तापमान दहा मिनिटांत सुमारे दहा अंशांनी वाढू शकते, आणि मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते.

गाडी सांभाळणारे फीचर्स

आता दुसरा गट. इमोबिलायझर असलेल्या गाडीच्या किल्लीत एक छोटी चिप असते. चिपमधला कोड गाडीतल्या संगणकाशी जुळला तरच इंजिन सुरू होते. म्हणून नुसती किल्लीची नक्कल करून अशी गाडी पळवता येत नाही. गाडी घेताना दोन किल्ल्या मिळतात, त्या दोन्ही जपून ठेवा. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी दावा करताना साधारणपणे दोन्ही किल्ल्या मागते. जुनी गाडी घेत असाल तर दुसरी किल्ली मागून घ्या आणि गाडी मोबाइल अॅपला जोडलेली असेल तर आधीच्या मालकाचे खाते काढून टाकायला सांगा. नाहीतर तुमची गाडी कुठे उभी आहे, हे त्यांच्या फोनवर दिसत राहील.

खिशातली किल्ली बाहेर न काढता उघडणाऱ्या गाड्यांचा एक कच्चा दुवा आहे. किल्ली बारीक सिग्नल देते. चोर तो सिग्नल यंत्राने वाढवून घराबाहेरच्या गाडीपर्यंत पोहोचवू शकतात. उपाय सोपा आहे. किल्ली दाराजवळच्या खुंटीला न लावता घराच्या आत, झाकण असलेल्या धातूच्या डब्यात ठेवा. आणि गाडीला स्टिअरिंग लॉक लावायला कमीपणा मानू नका. डोळ्यांना दिसणारे कुलूप पाहून चोर बरेचदा पुढची गाडी शोधतो.

एकट्याने गाडी चालवणाऱ्या महिलांसाठी वेग घेताच आपोआप लागणारे दरवाजे उपयोगी आहेत. ते तुमच्या गाडीत सेटिंगमध्ये बंद तर नाहीत ना, हे तपासा. गाडी बंद केल्यावरही हेडलाइट काही सेकंद सुरू ठेवणारी सोय अंधाऱ्या पार्किंगमध्ये मदत करते.

कुलूप उघडताही यायला हवे

जे कुलूप चोराला बाहेर ठेवते, तेच संकटात आपल्याला आत अडकवू शकते. २६ जुलै २००५ च्या पुरात मुंबईत पाण्यात बंद पडलेल्या गाड्यांमध्ये अडकून माणसे दगावली होती. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत सेंट्रल लॉक हाताने उघडण्याची सोय बंधनकारक झाली. ती तुमच्या गाडीत कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे.

पाणी साचलेल्या भुयारी मार्गात गाडी घालूच नका. तरीही गाडी पाण्यात सापडली तर क्रम लक्षात ठेवा: आधी बेल्ट सोडा, लगेच खिडकी खाली करा, मुलांना बाहेर काढा, मग स्वतः निघा. बाहेर पाणी चढले की त्याच्या दाबाने दरवाजा उघडत नाही, त्यामुळे खिडकी हाच रस्ता. काच फोडायची छोटी हातोडी चालकाच्या हाताशी ठेवा आणि बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारा. समोरच्या काचेत प्लॅस्टिकचा थर असतो, ती फुटूनही जागची हलत नाही.

किल्लीतला सेल संपला तर काय, हेही आजच पाहून ठेवा. बहुतेक स्मार्ट किल्ल्यांच्या पोटात एक धातूची किल्ली लपवलेली असते. तिने दरवाजा उघडतो.

सोय कुठे संपते?

तिसऱ्या गटातले फीचर्स आरामाचे आहेत आणि त्यात काही वाईट नाही. गुडघे दुखणाऱ्या आजींना योग्य उंचीची सीट आणि धरायला हँडल मिळाले तर प्रवास सुखाचा होतो. चढावर गाडी मागे न घसरू देणारा हिल होल्ड नवशिक्या चालकाची भीती घालवतो. मागच्या एसी व्हेंटमुळे उन्हाळ्यात मुले कुरकुरत नाहीत. थकवा कमी म्हणजे चुका कमी.

धोका तेव्हा सुरू होतो, जेव्हा सोयीवर डोळे झाकून विश्वास बसतो.

रिव्हर्स कॅमेरा गाडीच्या मागचे दाखवतो, पण बाजूने धावत येणारे मूल त्यात उशिरा दिसते. पावसात लेन्सवर चिखल बसला की चित्र धूसर होते. म्हणून गाडी मागे घेण्यापूर्वी आरसे पाहा, मान वळवा आणि घराच्या आवारात असाल तर मुले कुठे आहेत, हे आधी पाहून घ्या.

क्रूझ कंट्रोल एकच वेग धरून ठेवतो. मोकळ्या, कोरड्या महामार्गावर तो ठीक आहे. पावसात, घाटात किंवा गर्दीत तो बंद ठेवा.

एडास म्हणजे कॅमेरा आणि रडारच्या मदतीने पुढची गाडी ओळखणे, गरज पडल्यास आपोआप ब्रेक लावणे, लेन सोडल्यास सावध करणे. हा मदतनीस आहे, चालक नाही. रस्त्यावरचे पट्टे पुसलेले असतील, मध्येच गाय बसली असेल किंवा समोरून उलट्या दिशेने दुचाकी आली तर तो गोंधळू शकतो. हात स्टिअरिंगवर आणि नजर रस्त्यावरच हवी.

मोठ्या टचस्क्रीनवर एसी किंवा गाणे शोधताना नजर दोन सेकंद हटली, तर ताशी ८० च्या वेगात गाडी ४४ मीटर पुढे गेलेली असते. नेहमी लागणाऱ्या गोष्टींसाठी साधी बटणे आहेत का, हे गाडी घेतानाच पाहा.

आपणच बिघडवतो ती सुरक्षा

बऱ्याचदा कंपनीने दिलेली सुरक्षा आपणच हजार-दोन हजार रुपये खर्च करून काढून टाकतो.

  • बेल्टचा आवाज बंद करणारी खोटी क्लिप : मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना या क्लिप विक्रीतून काढायला सांगितले. घरात असेल तर आजच फेकून द्या.
  • जाड सीट कव्हर : सीटच्या कडेत साइड एअरबॅग असेल तर घट्ट कव्हर तिला उघडू देत नाही. त्यासाठी बाजूला मोकळी शिवण असलेलेच कव्हर घ्या.
  • पुढे लावलेला लोखंडी बुल बार : धडकेचा जोर शोषण्यासाठी केलेल्या पुढच्या भागाचे काम तो बिघडवतो, सेन्सरला चुकीचा अंदाज देऊ शकतो आणि पायी चालणाऱ्याला अधिक इजा करतो. तो बेकायदेशीरही आहे.
  • खाली ढकललेला हेडरेस्ट : त्याचा वरचा भाग डोक्याच्या वरच्या टोकापर्यंत हवा. मागून धडक बसली की मान तोच वाचवतो.

गाडी सुरू करताना डॅशबोर्डवर एअरबॅग आणि एबीएसचे दिवे काही सेकंद लागून विझतात. दिवा विझलाच नाही किंवा अजिबात लागला नाही, तर ती यंत्रणा काम करत नसण्याची शक्यता आहे. सर्व्हिस सेंटरला लगेच दाखवा, पुढच्या सर्व्हिसिंगची वाट पाहू नका.

शोरूममध्ये कोणत्या क्रमाने विचाराल?

आधी क्रॅश टेस्टचे स्टार. मग एअरबॅग किती आणि कुठे. मग ईएससी. मग मागच्या तिन्ही सीटला तीन बिंदूंचे बेल्ट आणि हेडरेस्ट आहेत का. मग आयसोफिक्स. हे सगळे झाल्यावर इमोबिलायझर आणि लॉक. आणि सर्वात शेवटी सनरूफ, स्क्रीन आणि रंग. बजेट अपुरे पडले तर यादीला खालून कात्री लावा, वरून नाही. सनरूफ नसलेली पण सहा एअरबॅगची गाडी शेजाऱ्यांना कदाचित कमी भारी वाटेल, पण तिच्यात बसणार आहे ते तुमचे घर.

नवी गाडी घ्यायची नसेल तरी हरकत नाही. या रविवारी अर्धा तास काढा, ग्लव्ह बॉक्समधले मॅन्युअल बाहेर काढा आणि घरच्यांसोबत उभ्या गाडीत बसा. सीटच्या फटीत दडलेले मागचे बेल्ट बाहेर ओढा, सगळ्यांना ते लावायला आणि सोडायला सांगा, चाइल्ड लॉक शोधा, दरवाजा हाताने उघडून पाहा, हेडरेस्ट वर करा. यातल्या एकाही कामाला पैसे लागत नाहीत.